सुकलालभाऊंचा आपसूक सांधा

सुकलालभाऊ बोरशांना एखादी गोष्ट ठरवायला सांगणं आणि मांजराला आंघोळ घालणं सारखंच. सुरतेतल्या लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत दोघांचं वाजलं, तर मिटवायला म्हणून त्यांना कुणी बोलावत नसे. भांडण लांबवायचं असेल तर मात्र आवर्जून बोलावत. भाऊ येत, दोघांचं मन लावून ऐकत, आणि पहिल्याकडं बघून म्हणत, "तुन्हं बी बरोबर शे." मग दुसऱ्याकडं वळून, "आनि तुन्हं बी बरोबर शे." एवढं बोलून ते घरी जेवायला जात. भांडणारे तिथंच उभे, दोघंही बरोबर, दोघंही दुप्पट चिडलेले.

हा माणूस वाईट नव्हता. कुणाचं मन दुखवायचं नाही, एवढंच व्रत त्यांनी तरुणपणी घेतलं होतं. अमळनेरकडून सुरतेला आले, कडोदऱ्याच्या एका मागाच्या कारखान्यात लागले आणि तिथंच म्हातारे झाले. मागावर आडवं सूत घेऊन धावणारा धोटा असतो. एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे. त्याला कुणी विचारत नाही आणि तोही कुणाला विचारत नाही. सबंध आयुष्यात सुकलालभाऊंनी हेवा केला असेल तर त्या धोट्याचा.

निवृत्तीच्या दिवशी शेठनं भिंतीवरचं घड्याळ म्हणून एक खोकं हातात ठेवलं. घरी उघडलं तर आत खेळण्यातली आगगाडी. नक्की खोक्यांची अदलाबदल झाली होती. परत करावी तर शेठला वाईट वाटेल, ठेवावी तर ज्याची असेल त्याला वाईट वाटेल. भाऊ विचार करत राहिले आणि गाडी घरी राहिली. सेल घालून एकदा चालवून बघावी, त्यात काय जातं, म्हणून त्यांनी ती चालवली. तिथून पुढं शोभाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या शब्दांत, घरात सवत आली.

नुसती गोल गोल फिरणारी गाडी भाऊंना दोन दिवसांत कंटाळवाणी वाटली. त्यांनी प्लायवूडच्या पट्ट्या आणि मागाच्या जुन्या तारा आणून रूळ वाढवले. एका रुळाचे दोन होतात त्या जागेला सांधा म्हणतात. खऱ्या रेल्वेत तो बदलायला माणूस किंवा मोटर असते. भाऊंच्या गाडीत तो हातानं बदलावा लागे, आणि बदलायचा म्हणजे आता डावीकडं पाठवू की उजवीकडं, हे ठरवणं आलं. खेळातसुद्धा सुटका नाही. भाऊंना घाम फुटला.

मग त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी करामत केली. सांध्याच्या जरा अलीकडं रुळात एक खटका बसवला. गाडी खटक्यावरून गेली की तो एकदा दबे, त्याला बांधलेली तार ओढली जाई आणि सांधा आपसूक दुसऱ्या बाजूला पडे. या खेपेला गाडी डावीकडं, पुढच्या खेपेला उजवीकडं, मग परत डावीकडं. दोन्ही स्टेशनांवरून निघून, गच्चीच्या कठड्याला लांब वळसा घालून, ती मागच्या बाजूनं पुन्हा सुरुवातीला येई. कुणी काही ठरवायचं नाही. भाऊ गच्चीवर मांडी घालून बसत आणि ते बघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यावर ते नवेनवे मार्ग आखत: दोन सांध्यांचे, तीन सांध्यांचे, एका स्टेशनाला दोनदा आणि दुसऱ्याला एकदा जाणारे. हा शेवटचा त्यांनी लगेच खोडला. त्यात एका स्टेशनावर अन्याय होत होता.

"घरमा तंगडी पसराले जागा नही, आनि तुमनी गाडी फिरी ऱ्हायनी," शोभाबाई म्हणत. पण त्यांचा खरा राग गाडीवर नव्हता.

त्यांचा राग थोरल्या लेकीच्या न येण्यावर होता. जयश्री कडोदऱ्याला दिलेली, म्हणजे रिक्षा बदलत गेलं तरी तासाभराचा रस्ता. पण गेली दोन वर्षं तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. कारण धाकटीच्या, धनश्रीच्या लग्नात झालेला घोटाळा. आपल्या लग्नांत मांडवात माइकवरून नाव पुकारून टोपी-टॉवेल देऊन मान करतात, आणि हा मान पहिला कुणाला मिळाला हे लोक नवरीचं नाव विसरले तरी विसरत नाहीत. माइकवाल्यानं सुकलालभाऊंना विचारलं, "पहिले कोण? नवरदेवाचे मामा, का तुमचे थोरले जावई?" भाऊंनी एकदा मामांकडं पाहिलं, एकदा जावयाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर." माइकवाल्यानं मामांपासून सुरुवात केली, मामांच्या मागून त्यांचे चुलते, चुलत्यांच्या मागून मावसे, तेवढ्यात भटजींनी मंगलाष्टकं धरली. थोरला जावई वाल्मिक चारचौघांत उघड्या डोक्यानं उभा राहिला. तो तेव्हापासून आला नाही आणि जयश्रीही आली नाही. फोन येई, मायशी बोलणं होई, पण "येतेस का" म्हटलं की फोन ठेवायची घाई होई.

यंदा अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. शोभाबाई स्वतः कडोदऱ्याला गेल्या आणि वाल्मिकच्या दारात बसून राहिल्या. शेवटी तो सासूला म्हणाला, "येसू मी, मामी. पन यावेळे चारचौघमा काय मान भेटस, ते दखसू." जयश्री आत भांडी घासत होती. घासलेलंच भांडं ती पुन्हा घासायला लागली.

शोभाबाई घरी आल्या त्या धाकानंच. या वेळी चुकलं तर पोरीचं माहेर कायमचं बंद, हे त्यांनी नवऱ्याला तीन तऱ्हांनी समजावलं. उपायही सांगितला. "मोठा जवाईले पह्यले वाढा. त्यामा काय इचार करना शे?"

पण विचार करण्यासारखं होतंच. धाकटा जावई अजिंक्य अडाजणला राहणारा, एका कंपनीत ऑफिसात बसणारा, आणि लग्नानंतरचा त्याचा हा पहिलाच धोंडा. पहिल्या धोंड्याला त्या जावयाचा मान सगळ्यांत आधी, असं म्हणणारे लिंबायतमध्ये थोडेथोडके नाहीत. थोरला म्हणून वाल्मिक पहिला, नवा म्हणून अजिंक्य पहिला. भाऊंनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि दोन्ही बरोबर निघाल्या. त्यांची झोप उडाली. मग एका सकाळी ते चहा पिता पिता थांबले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की शोभाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मंग, पह्यला कोन?" त्यांनी विचारलं.

"ते सांधा ठराई," भाऊ म्हणाले.

बेत असा होता. दोन जावई बाहेरच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींशी पाटावर बसतील. स्वयंपाकघराच्या दारातून गाडी निघेल, तिच्या सपाट डब्यावर आमरसाची वाटी आणि धोंडा. खोलीच्या मधोमध सांधा. एक खेप थोरल्याकडं, एक खेप धाकट्याकडं. पहिली खेप कुणाकडं जाईल हे भाऊंनासुद्धा माहीत नसणार, कारण ते आधी डोळे मिटून सांधा हलवून ठेवणार. म्हणजे दोष देणार कुणाला? यंत्रावर रुसणारा जावई अजून जन्माला आलेला नाही. शोभाबाईंनी कपाळाला हात लावला. पण धनश्रीला ही कल्पना आवडली, तिनं अजिंक्यला फोनवर सांगितलं आणि तोही व्हिडिओ काढायचा म्हणून खूश झाला. आता मागं हटायचं तर भाऊंनाच काहीतरी ठरवावं लागलं असतं. म्हणून ते मागं हटले नाहीत.

अडचण आली ती जागेची. गच्चीवरचा तो लांब वळसा खोलीत मावेना. एकीकडं फ्रिज, दुसरीकडं दिवाण, आणि फ्रिज हलवू देण्याआधी शोभाबाईंनी नवऱ्याला हलवलं असतं. भाऊंनी परतीचा रूळ काढूनच टाकला. गाडी आली त्याच वाटेनं परत जाईल, असं केलं. इंजिनाचं नाक पाटापुढच्या ठोकळ्याला लागलं की ते उलटं चालायला लागे, तेवढी सोय खेळण्यात मुळातच होती. त्या दिवशी सकाळी घरात पुरणाचा वाफारा, मांडायला जागा नाही, शोभाबाईंची ओरड. त्या गडबडीत भाऊंनी गाडी एकदा सोडली. गेली, आली. जमलं म्हणाले आणि धोतर बदलायला गेले.

दुपारी जावई आले. वाल्मिक कडक इस्त्रीच्या शर्टात, ओठ मिटलेले. जयश्री त्याच्या मागं. ती दारात क्षणभर थांबली, मायच्या पाया पडली, बापाच्या पाया पडली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. भाऊंना तिला काहीतरी विचारायचं होतं. वाळली का, बरी आहेस का, असंच काही. पण आधी बरी आहेस विचारावं की आधी वाळलीस म्हणावं हे ठरेपर्यंत ती आत गेली होती. अजिंक्य आणि धनश्री हसत हसत आले. जावई पाटावर बसले, शोभाबाईंनी दोघांना दोन हातांनी एकदमच कुंकू लावलं, तेवढं त्यांनाही जमलं. दारात गल्लीतले लोक गोळा झाले. जावयाला गाडी वाढणार, ही बातमी सकाळीच पसरली होती.

भाऊंनी डोळे मिटले, सांधा हलवला आणि गाडी सोडली. वाटी डुलत डुलत निघाली. खटका दबला, सांधा पडला, गाडी अजिंक्यकडं वळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजिंक्यनं एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हातानं वाटी उचलली. सगळ्यांच्या नजरा वाल्मिककडं गेल्या. तो मोठ्या मनानं सासऱ्याला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा, नवा पाव्हणा शे. मन्ही बारी मंग ई." शोभाबाईंनी सोडलेला श्वास दारापर्यंत ऐकू आला.

गाडी मागं आली, दुसरी वाटी घेऊन निघाली आणि पुन्हा अजिंक्यकडं गेली.

कुणी टाळी वाजवली नाही. अजिंक्यनं मोबाइल खाली ठेवला. "पप्पा, बस हां," तो ओशाळून म्हणाला. भाऊ गुडघ्यांवर बसून सांध्याकडं बघत होते. काहीतरी अडकलं असेल, म्हणून त्यांनी फुंकर मारली आणि तिसऱ्यांदा गाडी सोडली. तिसरी वाटीही अजिंक्यच्याच पाटापुढं गेली. धाकट्या जावयापुढं आमरसाची रांग लागली आणि थोरल्याचं ताट लख्ख कोरडं. वाल्मिकनं ताटावर धरलेला हात मागं घेतला.

अशा वेळी दुसऱ्या कुणीही माणसानं जावयाच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. पण सुकलालभाऊंचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांना चूक सापडली होती. गच्चीवर गाडी खटक्यावरून एकदाच जायची, परत यायची ती वेगळ्या वाटेनं. इथं ती जाताना खटका दाबत होती आणि येतानाही दाबत होती. दोनदा बदललेला सांधा म्हणजे न बदललेला सांधा. मग ती एकाच घरी जाणार नाही तर काय. हे इतकं साधं, इतकं सुंदर होतं की ते एखाद्याला सांगितल्याशिवाय राहवेना. आणि समोर बसलेल्यांत यंत्रातलं कळणारा एकच, मागाचा फिटर वाल्मिक.

"समजनं, जवाईबापू," भाऊ आनंदानं म्हणाले. "जाताना बी खटका दाबस, येताना बी दाबस. तुमले कितीबी टाइम बसाडं तरी गाडी तुमनाकडे येवाव नही."

वाल्मिक उठला. "हाई यंत्र तुमलेच ऱ्हाऊ द्या, मामा," तो म्हणाला आणि आत बघून हाक मारली, "चाल व, जयश्री."

जयश्री स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं. ती रागावली की घरची बोली सोडून शाळेतली मराठी बोलते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"थांबा जरा," ती नवऱ्याला म्हणाली आणि बापाकडं वळली. "नाना, टोपीचं ह्यांना वाईट वाटलं होतं, पण ते महिन्याभरात विसरले. चला जाऊ म्हणून मागं लागायचे. न येणारी मी होते, आणि माझा रुसवा ते आपल्या नावावर घेत होते."

भाऊ गुडघ्यांवरच बसून राहिले.

"मांडवात तुम्हाला विचारलं, पहिला कोण. तुम्ही मामांकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. मी शेजारी उभी होते, माझ्याकडं नाही बघितलं. बघितलं असतं तर कळलं असतं. बरोबर काय ते मला नको होतं, नाना. मी तुमची लेक आहे. एकदा तरी माझ्यासाठी चुकीचं वागायचं होतं."

दारातले लोक हळूच मागं सरकले. सुकलालभाऊंना लाज वाटली. बायकोनं वर्षानुवर्षं बोलून वाटली नव्हती, ती आता वाटली, आणि ती सांध्यात फुंकर मारून जाणारी नव्हती. ते उठले. गुडघे कडकड वाजले. आत गेले, आमरसाचं पातेलंच उचलून आणलं, रुळांवर पाय देत, सांधा मोडत, सरळ वाल्मिकपुढं गेले.

"बठा जवाईबापू," ते म्हणाले. "या घरमा पह्यला मान तुमना." आणि त्यांनी मान वळवून पुढचंही सांगून टाकलं. "अजिंक्यराव, तुमना दुसरा."

वाल्मिक बसला. त्याच्या वाटीत रस पडला तेव्हा त्याला काय करावं ते सुचेना, तो नुसता "बस मामा, बस मामा" म्हणत राहिला. आणि इकडं, तोवर तिन्ही वाट्या संपवलेला धाकटा उठला. "पप्पा, माझा पहिला धोंडा होता," अजिंक्य म्हणाला, हात धुतला आणि जिना उतरून खाली गेला. शोभाबाई मटकन दिवाणावर बसल्या. एक जावई दोन वर्षांनी मिळाला, तोवर दुसरा गेला. भाऊंनी पातेलं खाली ठेवलं. आश्चर्य म्हणजे त्यांना घाम फुटला नव्हता.

अजिंक्यची समजूत काढायला वाल्मिक स्वतः गेला. थोरला म्हणून ते आता त्याचं कामच होतं, आणि रुसण्यातला एवढा अनुभव त्या घरात दुसऱ्या कुणाला नव्हता. खिडकीतून भाऊंना त्याचं बोलणं ऐकू आलं. "मी दोन वरीस रुसनू," वाल्मिक सांगत होता. "काय भेटनं? दोन वरीसना आमरस बुडना." अजिंक्य त्याच्यामागून वर आला, पाटावर बसला, पण घासाला शिवला नाही. पोट भरलंय म्हणाला. आधीच तीन वाट्या रस प्यालेला माणूस रुसला होता की खरंच त्याचं पोट भरलं होतं, हे लिंबायतमध्ये आजवर कुणाला कळलेलं नाही.

पुरुषांची पंगत उठली. जयश्रीनं स्वतःसाठी ताट घेतलं आणि दोन वर्षांनी माहेरच्या फरशीवर मांडी घातली. भाऊ तिच्यापुढं उभे राहिले आणि या वेळी त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं. "वाळनी व तू."

"वाढा मग," ती म्हणाली.

तेवढ्यात धनश्री भिंतीला टेकून उभी असलेली त्यांना दिसली. तिचे डोळे भरले होते. "ताईसाठी चुकलात ते बरं केलं, नाना," ती म्हणाली. "पण उभ्या उभ्या मी आठवत होते. माझ्यासाठी तुम्ही कधी चुकलात, ते काही आठवेना."

भाऊंनीही आठवून पाहिलं. दोघींना सारखं द्यायचं म्हणून जन्मभर जपलं, आणि हिशेब असा निघाला की दोघींनाही काही दिलं नव्हतं. त्यांच्या हातातला रस वाढायचा डाव तसाच राहिला. जयश्रीनं बहिणीचा हात धरून तिला खाली ओढलं, सरकून बसली आणि आपलं ताट दोघींच्या मधे ठेवलं.

भाऊंनी पातेलं उचललं. आता पहिलं कुणाला वाढायचं, हे सांगायची त्यांची तयारी होती. दोन्ही लेकींच्या देखत, दोन्ही जावयांच्या देखत, अगदी मोठ्यानं सांगायची. पण ताट एकच होतं.